मेंढ्यांचं पाप

ग्रबोवनिक गावचा वुकोसाव रडला, ही बातमी तीन खोऱ्यांत पोचायला अर्धा दिवस पुरला. वुकोसाव गुरांचा दलाल. स्वतःच्या बापाच्या अंत्ययात्रेत हा माणूस शवपेटीचं लाकूड नखानं टोकरून बघत होता, आणि एकदा त्याच्या पायावर बैलानं पाय दिला तर लंगडत गेला तो बैल, असं सांगतात. यातलं एकही अक्षर पदरचं नाही. पदरचं घालायचं असतं तर बैलाच्या जागी हत्ती घातला असता. तर असा हा वुकोसाव झऱ्यावरच्या छोट्या चर्चमध्ये शिरला आणि पाच मिनिटांनी बाहेर आला तो दोन्ही डोळ्यांना धारा लागलेल्या. गवतावर बसकण मारून म्हणाला, "आजवर फसवलेली सगळी गिऱ्हाइकं डोळ्यांपुढून गेली." मग नाक पुसून म्हणाला, "लई होती."

पुढच्या रविवारी झऱ्यापाशी पाय ठेवायला जागा उरली नाही. जुलै महिना, रास्पबेरीचा ऐन हंगाम. बाया तोडणीच्या ओळींतून तशाच उठून आलेल्या, कमरेला डबे बांधलेले, हात मनगटापर्यंत लालभडक. जुलैत आमच्या गावात कुणाचेही हात बघा, नुकताच खून करून आल्यासारखे दिसतात. ते हात चर्चमधल्या दगडी कुंडात बुडवायचे. लाल हात आत जायचा आणि निळा होऊन बाहेर यायचा. डोळ्यांदेखत. झऱ्याचं पाणी कुंडात पडत होतं, माणसं रडत होती, मेणबत्त्या वितळत होत्या, आणि उंबऱ्यावर नाकाला पांढरा रुमाल लावून पंतेलियाबाबा उभे होते.

बाबांना कुठल्या मठानं दीक्षा दिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या आमच्या पाद्र्यानं विचारलं होतं म्हणे. बाबांनी आकाशाकडे बोट केलं. काळा झगा, छातीपर्यंत दाढी, आणि आवाज मात्र जत्रेत पातेली विकणाऱ्याचा.

"दाटी करू नका, माउल्यांनो, पापं सगळ्यांचीच निघणार आहेत, रांगेनं निघतील. हात पुढं करा. लाल म्हणजे काय? रक्त. निळा म्हणजे काय? मरियामातेचा पदर. तुम्ही रक्त घेऊन येता, ती पदर देऊन पाठवते."

"बाबा, तो रास्पबेरीचा रस आहे," स्तानिया म्हणाली. स्तानिया विधवा, जिभेला हाड नाही, आणि पोटात काही राहत नाही.

"वरून रस, मुली. आतलं पाण्याला दिसतं."

"आणि हा वास?"

बाबा जणू याच प्रश्नाची वाट बघत होते. रुमाल नाकावरून दोन बोटं खाली घेऊन म्हणाले, "मेंढ्यांचा. कम्युनिस्टांना देव नको होता ना त्या काळात? चाळीस वर्षं सहकारी संस्थेच्या मेंढ्या या पवित्र भिंतींवर मुतल्या. आता भिंती ते पाप ओकतायत. डोळ्यांतून पाणी का येतं तुमच्या? मेंढ्यांचं पाप भिंतीतून निघतं, माणसाचं डोळ्यांतून."

इथंच तर सगळी मेख होती. त्या चर्चमध्ये चाळीस वर्षं खरंच मेंढ्या होत्या, आणि वासही खरंच मेंढवाड्यासारखाच होता. नाक मोठं शहाणं असतं असं आपण समजतो, पण ते ऐकतं कानाचं. एकदा कुणी मेंढ्या म्हटलं की नाकाला मेंढ्याच दिसतात.

त्या गर्दीत एकच माणूस असा होता, ज्याला मेंढ्यांचाही वास येत नव्हता आणि मरियामातेचाही. त्याचं नाव स्रेदोये. सहकारी संस्थेच्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्यानं तीस वर्षं मशीन चालवलं. गावाची सगळी रास्पबेरी तिथंच गोठवली जाते. मशीन चालतं अमोनियावर, आणि अमोनिया हा असा नोकर आहे की कामाला वाघ, पण सुटला तर वाघच. एका उन्हाळ्यात एक जोड फुटला. स्रेदोये आत थांबून व्हॉल्व्ह बंद करत राहिला. त्याचा सोबती ल्युबिसाव दाराच्या दिशेनं पळाला, पण धुक्यात दार चुकला. ल्युबिसाव गेला. स्रेदोये राहिला, नाक मात्र तिथंच ठेवून आला. तेव्हापासून त्याला राकियाची दारू आणि पाणी यांत फरक फक्त दुसऱ्या दिवशी कळे.

तो आला होता बायकोमागून. मिलुन्काची छाती वर्षानुवर्षं खराब. थंडीत शिट्टी वाजायची, उन्हाळ्यात जरा बरं असायचं. यंदा उन्हाळ्यातच वाजत होती, आणि चर्चमध्ये जायला लागल्यापासून जास्तच.

"खोकला वाढलाय तुझा," तो म्हणाला.

"पाप वर चढतंय. बाबा म्हणाले, आधी वाढणार, मग जाणार."

"आणि कमी झाला असता तर?"

"तर गेलं म्हणाले असते. तुझं काय जातंय?"

स्रेदोयेचेही डोळे चुरचुरत होते. मेणबत्त्यांच्या धुरानं असेल, असं म्हणून त्यानं मान वर केली आणि मरियामातेच्या चित्रापुढच्या दिव्यावर त्याची नजर अडली. दिवा तांब्याचा, जुना, साखळीनं टांगलेला. सगळं तांबं निळं पडलं होतं. हिरवं नव्हे, जुनं तांबं हिरवं पडतं. हे निळं, गडद, ओलं. दिव्याच्या बुडाला एक निळा थेंब लोंबत होता.

"मातेचा अश्रू," शेजारची बाई पुटपुटली आणि तिनं छातीवर क्रूस काढला.

स्रेदोयेला मात्र दुसरंच आठवलं. मशीनघरात पहिल्याच दिवशी त्याच्या उस्तादानं त्याच्या हातातली पितळी किल्ली काढून घेतली होती. इथं तांबं नाही, पितळ नाही, म्हणाला, जे काय असेल ते लोखंड. अमोनिया तांबं खातो. आणि खाल्लं की असं निळं ओकतो.

त्यानं मिलुन्काचं कोपर धरलं. "चल बाहेर. हा अमोनिया आहे."

"तुला जेवणाच्या सूपमध्येसुद्धा अमोनिया दिसतो," ती म्हणाली. "सोड. माझं नाव घेतायत."

बाबा खरंच नावं घेत होते. गुरुवारी अग्निमरियेचा सण. त्या दिवशी आमच्याकडे कुणी शेतात पाऊल टाकत नाही. टाकलं तर गवताची गंजी पेटते, असं आजीच्या आजीपासून ऐकत आलोय. त्या दिवशी भरदुपारी अकरा आजारी माणसांना चर्चमध्ये बसवायचं, दार लावायचं आणि चाळीस प्रार्थना होईपर्यंत उघडायचं नाही. बाबांनी खिडकीवर प्लॅस्टिक ठोकूनही घेतलं होतं. कृपा बाहेर सांडू नये म्हणून.

अकरावं नाव मिलुन्काचं होतं.

*

कोल्ड स्टोरेज चर्चच्या वर, टेकाडावर. संस्था मोडली तेव्हा ते रादेन्कोनं घेतलं. माणूस वाईट नाही. लग्नात पहिला नाचणारा आणि भांडणात शेवटी पोचणारा. मशीन चालवायला त्यानं मेहुण्याला ठेवलं होतं. हा स्लोबोदान आधी बस चालवायचा, आणि गेजकडे अजूनही पेट्रोलच्या काट्यासारखा बघायचा: काटा खाली आला की भरायचं.

"यंदा अमोनिया किती वेळा भरलास?" स्रेदोयेनं त्याला विचारलं.

"लागला तसा भरला. सिलिंडर पावासारखे संपतायत. उन्हाळाच तसला आहे."

"उन्हाळा अमोनिया पीत नाही, बाळा. ते बंद चक्र आहे. एकदा भरलं की वर्षानुवर्षं तेच फिरतं. संपतोय म्हणजे कुठंतरी जातोय."

"इथं तर वास नाही," स्लोबोदान म्हणाला, आणि मग जीभ चावून, "म्हणजे मला येत नाही. तुमचं सोडा."

"वास इथं येणार नाही. कंडेन्सरच्या नळीला आत भोक पडलं असेल. तिथं गरम अमोनियाला पाणी गार करतं. नळीला भोक पडलं की अमोनिया पाण्यात शिरतो आणि पाण्याबरोबर निघून जातो."

रादेन्को मागून येऊन ऐकत उभा होता. "ते पाणी ओढ्याला जातं, काका. पाइप आहे."

"पाइप मीच टाकलाय, तुझ्या बारशाच्या साली. चर्चच्या वरून जातो, तीस पावलांवरून, पॉपलरच्या रांगेखालून. त्या झाडांची मुळं आता पाइपाएवढी जाड झाली असतील. मशीन बंद कर, रादेन्को. एक दिवस. नळ्या तपासू."

रादेन्कोनं त्याला दंडाला धरून शीतखोल्यांच्या दारापाशी नेलं आणि काचेतून आत दाखवलं. छतापर्यंत रचलेले क्रेट. सगळ्या गावाच्या बायांनी वाकून वाकून तोडलेला एकेक दाणा.

"हे वर्ष आहे सगळ्यांचं," तो हळू आवाजात म्हणाला. "या उन्हात मशीन बंद केलं तर संध्याकाळी इथून मुरंबा वाहेल. पोरांच्या फिया आहेत यात, म्हातारीची औषधं आहेत. पुढच्या आठवड्यात गाड्या येतायत, माल गेला की तुम्ही म्हणाल ते उघडून देतो. आणि खरं सांगू? तांब्याच्या दिव्यावर निळा डाग बघून मी गाव बुडवू?"

"गुरुवारी त्या चर्चमध्ये अकरा माणसं कोंडणार आहेत."

"मग ते बाबाला सांगा. दार त्याचं आहे."

स्रेदोये उतारावरून परतला तेव्हा त्याला स्वतःचाच राग येत होता. रादेन्कोचं बोलणं पटलं नव्हतं, पण खोडताही आलं नव्हतं. भीती सगळ्यांनाच होती. प्रत्येकाची वेगळ्या दाराबाहेर उभी होती, एवढंच.

*

बुधवारी दुपारी त्यानं स्वयंपाकघरात दोन वाडगे मांडले. एकात चुलीची राख कालवून गाळलेलं पाणी, त्याची आई धुण्याला वापरायची तसलं. दुसऱ्यात सॅलडचं व्हिनेगर.

"हात दे," तो मिलुन्काला म्हणाला. ती नुकतीच तोडणीवरून आली होती, बोटं लाल.

"वेड लागलं का?"

"लागलं असेल. दे."

त्यानं तिचा हात राखेच्या पाण्यात बुडवला. बोटं जांभळी झाली, मग निळसर. मिलुन्कानं श्वास रोखला. मग त्यानं तोच हात व्हिनेगरमध्ये बुडवला. लाल.

"हे बघ," तो म्हणाला. "पाप गेलं. पाप आलं. सॅलडच्या बाटलीतून."

ती हाताकडे बघत राहिली.

"रसाचा गुण आहे तो. राख, साबण, अमोनिया यांत निळा. आंबटात लाल. मरियामातेला यात कष्ट नाहीत. आता उद्या जाऊ नकोस."

"आणि रडू येतं ते?"

"कांदा चिरताना येतं. कांद्यापुढे गुडघे टेकतेस?"

हे मात्र त्याचं चुकलं. मिलुन्का हात पुसत खिडकीपाशी गेली. पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

"माझी आई गेली तेव्हा हंगाम होता," ती म्हणाली. "आठवतं तुला? सकाळी पुरली आणि दुपारी मी ओळीत होते. फळ थांबत नाही, म्हणाले सगळे. तूही म्हणालास. तेव्हा रडायला वेळ नव्हता, नंतर रडू आलं नाही. एकवीस वर्षं. त्या चर्चमध्ये गेले, आणि पहिल्यांदा..." तिला खोकल्याची उबळ आली. तो पाणी द्यायला उठला, तिनं हातानंच थांबवला. "तुझं नाक गेलं, स्रेदोये. पण त्या दिवशी ल्युबिसावला पोचवून आलास तेव्हासुद्धा तुझे डोळे कोरडे होते. मला माझं रडू सापडलंय. ते कांद्याचं आहे असं सांगू नकोस."

स्रेदोयेनं दोन्ही वाडगे उचलून बाहेर ओतले. यंत्राचं काहीही विचारा, सांगेल. हे यंत्र नव्हतं.

*

गुरुवारी त्याला उशिरा जाग आली तेव्हा अंथरुणाची दुसरी बाजू गार होती. खुंटीवरची सणाची शाल नव्हती.

ऊन असं पडलं होतं की कोंबड्या सावलीत चोच उघडून बसल्या होत्या. वर टेकाडावर मशीन धापा टाकत होतं. स्रेदोये ते ऐकत अंगणात उभा राहिला. तीस वर्षांचा कान होता त्याचा. इतक्या उन्हात कंडेन्सरमधला दाब टोकाला जाणार, आणि भोक सुईएवढं असलं तरी आज तिथून पिचकारी उडणार. आजच. दार लावायच्या वेळेलाच.

तो तळघरात गेला. तिथं पिंपांशेजारी गंधकाच्या पट्ट्या टांगलेल्या असतात, कुणाच्याही घरी असतात. राकिया आणि वाइनची पिंपं त्यांच्या धुरीनं साफ करतात. त्यानं सगळ्या खिशात कोंबल्या. नाक नसलेल्या मशीनवाल्याला हेच नाक. गंधक निळ्या बारीक ज्योतीनं जळतं, धूर नुसता नावाला. पण अमोनियाची झुळूक लागली की तोच धूर दुधासारखा पांढरा दाट होतो. उस्तादानं शिकवलेली दुसरी गोष्ट.

टेकाडाच्या उतारावर, कोल्ड स्टोरेजच्या खाली पाइपाचं पहिलं झाकण होतं. त्यानं ते पहारीनं उचकटलं, पट्टी पेटवून भोकावर धरली. पांढरा लोट उसळला आणि त्याची मिशी झाकून गेला. दुसऱ्या झाकणापाशी तसाच. पॉपलरच्या रांगेत झाकण नव्हतं, नुसती ओली, खचलेली जमीन होती, आणि त्यावरचं गवत लोखंडाच्या कीटासारखं तांबूस करपलेलं. तिथंही पांढरा. तिथून खाली उतार, आणि उताराच्या टोकाला चर्चचं कौलारू छप्पर. प्रार्थनेचा आवाज येत होता.

साठीनंतर माणसानं पळू नये म्हणतात. तो पळाला.

दार लागलं होतं. अंगणात सारं गाव गुडघ्यांवर, आणि उंबऱ्याबाहेर पुस्तक उघडून पंतेलियाबाबा. आत अकरा आजारी. बाबा मात्र बाहेर, सावलीत, नाकाला रुमाल. आतून खोकल्याचे आवाज येत होते. एक दोन नव्हे, एकमेकांत मिसळलेले.

"दार उघडा," स्रेदोये म्हणाला. त्याला धाप लागली होती, आवाज फुटेना. "आत विष आहे. दार उघडा."

"नववी प्रार्थना चालू आहे," बाबा म्हणाले. "चाळिसावीला उघडेल."

स्रेदोयेनं पट्टी पेटवली आणि दाराच्या फटीशी धरली. पांढरा धूर असा फुगला की पुढची रांग मागे कलंडली.

मला बाबांचं एका बाबतीत कौतुक आहे: माणूस गडबडला नाही. पुस्तक उंच धरून गरजला, "बघा. गंधक. नरकाचा धूर कृपेला भिडला की काय होतं ते बघा. सैतान दारात आलाय, आणि हा माणूस त्याला हाताला धरून घेऊन आलाय."

दहाएक लोक पुन्हा जमिनीला टेकले. दोघांनी स्रेदोयेला मागून धरलं. त्यातला एक वुकोसाव होता, नव्यानं सुधारलेला.

"वुकोसाव, माझी मिलुन्का आहे आत."

"तिच्यासाठीच गप्प बस ना, भाऊ. तिचं निघू दे पाप."

आत काहीतरी जड खाली पडलं. मग दारावर थापा पडल्या. जोरात नव्हे, ओल्या हातानं मारल्यासारख्या. बाबा म्हणाले, "पाप दार ठोठावतंय. उघडू नका." आणि भयंकर गोष्ट ही, की कुणी उघडलं नाही. वाईट माणसं नव्हती ती. त्यांच्याच बहिणी, आया आत होत्या, आणि त्या बऱ्या व्हाव्यात म्हणूनच कुणी हात पुढं केला नाही.

स्रेदोये ओरडला नाही. त्यानं गर्दीत स्लोबोदानला शोधलं आणि नुसतं विचारलं, "आज सकाळी किती भरलास?"

स्लोबोदान टोपी कुस्करत उभा होता. त्यानं रादेन्कोकडे बघितलं. रादेन्को जमिनीकडे बघत होता.

"मी एका दारापाशी उशिरा पोचलोय आधीच, बाळा," स्रेदोये म्हणाला. "तुला ते नको. किती?"

"एक आख्खा सिलिंडर," स्लोबोदान म्हणाला. "आणि दहा वाजता काटा परत खाली होता." मग त्याचा आवाज चिरकला. "चढावर सगळ्या झाकणांतून धूर येत होता. मी बघितलं, काका पट्टी लावत येत होते तेव्हा. गटारात कसली कृपा असणार, लोकहो? तो आमचा अमोनिया आहे."

बाबांनी दहाव्या प्रार्थनेसाठी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून स्तानिया उठली, दोन पावलं पुढं आली आणि तिनं त्यांच्या नाकावरचा रुमाल फटकन ओढून घेतला. हुंगला. पुन्हा हुंगला.

"व्हिनेगर," ती म्हणाली. "बाबा, नाकावर सॅलड कशाला लागतं तुम्हाला? आमच्या आया आत पाप ओकतायत, आणि तुम्हाला मात्र वास नको?"

बाबांचे डोळे रुमालाविना वाहायला लागले होते, आणि पाय, त्यांच्याही नकळत, दारापासून दूर सरकत होते. ते सरकणारे पाय सगळ्यांनी बघितले. सगळ्यात आधी वुकोसावनं. त्याला घोडा कधी बिचकतो ते कळतं. त्यानं स्रेदोयेचा दंड सोडला, खांदा लावला आणि दाराचा अडसर कोयंड्यासकट उखडला.

आतून जे आलं ते दिसत नव्हतं, पण अंगावर भिंत पडावी तसं आलं. पुढचे चारजण माघारी फिरले. "वाऱ्याकडे तोंड करा," स्रेदोये ओरडला. त्या दिवसात तो एकदाच ओरडला. "गावच्या नळाचं पाणी आणा, झऱ्याचं नको. डोळे धूत राहा, थांबू नका. खिडकीचं प्लॅस्टिक फाडा." अमोनियाला व्हिनेगरच मारतं; स्तानियाच्या हातातला रुमाल घेऊन त्यानं तोंडाला बांधला आणि श्वास कोंडून आत शिरला.

मिलुन्का दारापासून चार पावलांवर होती. दार चुकली होती. भिंत चाचपत उलट्या दिशेला चालली होती, शाल तोंडात कोंबून. त्यानं तिला कमरेला धरलं आणि ओढलं. यावेळी त्याला दार कुठं आहे ते ठाऊक होतं.

*

अकराच्या अकरा बाहेर निघाले. सातजणांना जिल्ह्याच्या रुग्णालयात ठेवून घेतलं. म्हाताऱ्या रादोव्हानचा एक डोळा कायमचा दुधाळ झाला. तो म्हणतो, अर्धं पाप राहिलं. मिलुन्का तीन आठवडे ऑक्सिजनवर होती, आणि घरी आली ती अर्धा आवाज घेऊन.

मशीन त्याच दुपारी बंद झालं. रादेन्कोनं स्वतः बटण दाबलं, आणि मग भिंतीला टेकून बसला. पण मुरंबा वाहिला नाही. चार गावांचे ट्रॅक्टर आणि दुधाच्या गार गाड्या आल्या, आणि सणाच्या दिवशी कामाला हात न लावणाऱ्या आमच्या गावानं अंधार पडायच्या आत सगळे क्रेट दुसऱ्या कोल्ड स्टोरेजांत पोचवले. एकही गंजी पेटली नाही. थोडंफार फळ गेलं. जे एका दिवसात जमलं ते चार दिवस आधीही जमलं असतं, हे रादेन्को आजही दारू प्याल्यावर सांगतो.

कंडेन्सर उघडला तेव्हा नळीत भोक सापडलं. तांदळाच्या दाण्याएवढं. पाइप पॉपलरच्या मुळांनी फोडला होता, पाणी जमिनीत मुरून झऱ्याला मिळालं होतं. चमत्कार एवढाच. डोळे रडले ते अमोनियानं, हात निळे झाले ते अमोनियानं, तांबं निळं झालं ते अमोनियानं, आणि मेंढ्या बिचाऱ्या निर्दोष सुटल्या. बाबांना मात्र कुणी पकडलं नाही. त्या गडबडीत ते नाहीसे झाले. ऐकतो की नदीपलीकडे संधिवातावर चुंबकाची कडी विकतात. भोक कुठं आहे ते त्यांना माहीत नव्हतं, हे मी मान्य करतो. पण आत श्वास घेऊ नये, एवढं माहीत होतं. रुमाल खोटं बोलत नाही.

सप्टेंबरात एका सकाळी मिलुन्कानं शाल घेतली. स्रेदोयेनं कुठं म्हणून विचारलं नाही, बरोबर निघाला. ती आईच्या थडग्यापाशी बसली. हवा स्वच्छ होती, गवताला दव होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग तिचे खांदे हलायला लागले.

"हे कशाचं ग?" त्यानं हळूच विचारलं.

"हे माझं," ती म्हणाली. नाक पुसून तिनं त्याच्याकडे बघितलं. "आणि तुझं?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यानं मिशी चाचपली, ओली होती. पलीकडच्या ओळीत ल्युबिसावचा दगड होता.

परत येताना ती चर्चपाशी थांबली. तिनं खडू आणला होता. दारावर, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल असं, तिनं लिहिलं. पावसानं पुसलं की ती पुन्हा लिहिते. आता तिच्याऐवजी कुणीही लिहितं. देव मानणारे लिहितात, न मानणारे लिहितात, वुकोसावसुद्धा एकदा लिहिताना दिसला, अर्थात खडू दुसऱ्याचा होता. तुमच्या गावातही असा एखादा दरवाजा असेल, तेव्हा वाचून ठेवा:

डोळ्यांत पाणी आलं तर आधी दार उघडा. पाणी कुठून आलं ते शोधा. प्रार्थना नंतरही करता येते.